मैदान : गुरुजींनीं नेमलेल्या जागा

खेळांवरील बोलपटांचा सांचा आतां ठरून गेला आहे. आरंभीं एक दुबळा संघ, त्याला हिणविणारे चारदोन मातब्बर, मध्यंतराच्या सुमारास एखादा लाजिरवाणा पराभव, आणि शेवटीं घड्याळाचा कांटा सरकत असतां पदरांत पडलेला विजय. प्रेक्षकांना शेवट ठाऊक असतो, तरी त्यांच्या मुठी आपोआप आंवळल्या जातात. द्रौपदीला वस्त्रें पुरविलीं जाणार हें ठाऊक असूनहि हरदासाच्या कथेंत श्रोत्यांचे डोळे भरून येतातच कीं! म्हणून या सांच्याला आम्ही नांवें ठेवणार नाहीं.

‘मैदान’ हा हिंदी बोलपट याच सांच्यांतला आहे. अमित शर्मा यांनीं दिग्दर्शित केलेला हा बोलपट २०२४ सालच्या एप्रिलमध्यें प्रकाशित झाला. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे त्याचे नायक, व त्यांची भूमिका अजय देवगण यांनीं केली आहे. १९६२ सालीं जकार्ता येथें भरलेल्या आशियाई क्रीडोत्सवांत भारताच्या फूटबॉल संघानें सुवर्णपदक मिळविलें, ती ही कथा. बोलपट तीन तासांचा आहे. पूर्वार्ध सैल आहे. चित्रगृहांत त्याला गर्दीहि बेताचीच झाली. ज्या घरांत क्रिकेटखेरीज दुसऱ्या खेळाचें नांव निघत नाहीं, अशा आमच्या वाचकांनाहि त्याची शिफारस आम्ही करितों, याचें कारण त्याचा नायक शाळामास्तर आहे. रहीमसाहेब हैदराबादच्या शाळांतून शिकवीत असत. वर्गांतील कोणता मुलगा कोणत्या बांकावर बसवावा हें ज्याला कळलें त्याला अर्धी अध्यापनविद्या साधली, असें आम्ही समजतों. आणि जकार्त्याचा विजय मुख्यतः माणसें योग्य जागीं बसविण्यांतून आला.

बोलपट आरंभ करतो तो १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून. तेथें युगोस्लाव्हियानें आपल्या संघाचा दहा विरुद्ध एक असा फडशा पाडला. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. दुबळ्यांची कथा सांगावयाची तर असा आरंभ सोयीचा खरा. परंतु त्याच्या आदल्याच वर्षीं दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडोत्सवांत याच रहीमसाहेबांच्या हाताखालीं आपण इराणला हरवून सुवर्णपदक मिळविलें होतें. आणि १९५६ सालीं मेलबोर्नच्या ऑलिंपिकमध्यें आपला संघ चौथा आला. तेथें ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकाच सामन्यांत तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा हे मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या मैदानांवर खेळणारे. तेव्हां हा संघ कांहीं जन्माचा दुबळा नव्हता. तो दुबळा ठरला तो जकार्त्याला पोंचल्यावर.

बोलपटकर्त्यांनीं मात्र त्यासाठीं एक खुनशी वृत्तपत्रकार व कांहीं कारस्थानी अधिकारी उभे केले आहेत. गजराज राव यांनीं त्या वृत्तपत्रकाराची भूमिका उत्तम वठविली आहे यांत शंका नाहीं. पण हा मनुष्य पडद्यावर आला कीं पुढें काय बोलणार हें मागच्या रांगेंतल्या पोरालाहि कळतें. खऱ्या हकीकतींत अशा खलपुरुषाची गरजच नव्हती.

ती हकीकत अशी. यजमान इंडोनेशियानें इस्रायल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. आशियाई क्रीडोत्सवाच्या संस्थापकांपैकीं एक, गुरुदत्त सोंधी, यांनीं त्यावर भूमिका घेतली कीं, निमंत्रितांना असें वगळणाऱ्या उत्सवाला ‘आशियाई’ हें नांव लावतां येणार नाहीं. सोंधी यांचें म्हणणें न्यायाचें होतें असें आमचें मत आहे. परंतु न्यायाची बाजू घेणाऱ्याचें बिल पुष्कळदां शेजारच्या माणसाला चुकवावें लागतें. जकार्त्याचा लोक भारतीयांवर खवळला. ३ सप्टेंबरला जमावानें आपल्या वकिलातीवर हल्ला चढविला, आणि दुसऱ्याच दिवशीं, ४ सप्टेंबरला, फूटबॉलचा अंतिम सामना होता. संघाच्या गाडीवर बाहेरून नजर पडूं नये म्हणून शीख खेळाडू गाडींत खालीं बसून मैदानावर गेले, असें त्या संघांतील मंडळींनीं पुढें सांगितलें आहे. सुमारें लाखभर प्रेक्षक, आणि आपलें राष्ट्रगीत चालूं असतां त्यांचा हुर्यो! त्या कोलाहलांत आपल्या बाजूनें ओरडणारे जे थोडे कंठ होते, त्यांत पाकिस्तानच्या हॉकीपटूंचे होते. याच उत्सवांत त्यांनीं आपल्या हॉकी संघाला हरविलें होतें. हा प्रसंग एखाद्या लेखकानें रचला असता तर आम्हीं त्याला अतिरंजित म्हटलें असतें.

आतां खेळाकडे वळूं. पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें आपल्याला दोन शून्यानें हरविलें. थायलंडला आपण चार विरुद्ध एक असें हरविलें खरें, पण त्या सामन्यांत बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याचें डोकें फुटलें व टांके घालावे लागले. जपानवर दोन शून्यानें मात करून उपांत्य सामना गांठला. गोलरक्षक पीटर थंगराज तापानें आजारी होता. त्याची जागा प्रद्युत बर्मन सांभाळीत होता, व चांगली सांभाळीत होता.

अशा वेळीं सामान्य मनुष्य जें चाललें आहें तें मोडीत नाहीं. रहीमसाहेबांनीं प्रथम जर्नेलसिंगला बचावांतून उचलून थेट आघाडीच्या मध्यभागीं उभें केलें. डोक्याला पट्टी बांधलेला मनुष्य बचावांत चेंडू डोक्यानें कसा परतविणार, हा एक हिशेब. आणि तरुणपणीं तो आघाडीला खेळलेला होता हें गुरूच्या ध्यानांत होतें, हा दुसरा. उपांत्य सामन्यांत दक्षिण व्हिएतनामवर तीन विरुद्ध दोन असा निसटता विजय मिळाला. दोन गोल संघनायक चुनी गोस्वामी यांचे आणि एक या जर्नेलसिंगचा. अंतिम सामन्यांत गांठ पुन्हां त्याच कोरियाशीं होती. कोरियन उंचावरून चेंडू मारतात हें पाहून त्यांनीं जिंकत आलेल्या बर्मनला बसवून दुखण्यांतून उठलेल्या उंचनिंच थंगराजला गोलांत उभें केलें. बर्मनच्या मनाला त्या दिवशीं काय वाटलें असेल? बोलपटाला या प्रश्नासाठीं वेळ नाहीं. आम्हांला तो चुटपुट लावून गेला. सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जी यांनीं गोल केला, विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंगनें. कोरियाचा एक गोल अगदीं अखेरीस झाला, आणि थंगराजनें तेवढ्यावरच भागविलें.

या अंतिम सामन्याच्या चित्रणासाठीं मात्र दिग्दर्शकांना मनःपूर्वक धन्यवाद दिले पाहिजेत. कॅमेरा चेंडूच्या उंचीवर उतरून खेळाडूंच्या पायांतून धांवतो, आणि ज्यांना फूटबॉलचे नियम ठाऊक नाहींत अशा आमच्या घरांतील वडील मंडळींनीहि त्या अर्ध्या तासांत कोणाशीं बोलणें केलें नाहीं. अजय देवगण यांनीं मोठें बोलणें टाळून केवळ खांद्यांच्या ठेवणीनें थकवा दाखविला आहे. रहीमसाहेबांना फुप्फुसाचा कर्करोग होता, व बोटांत सिगारेट धरलेला हा मनुष्य खोकत खोकत मुलांना धांवावयास लावतो, तें पाहावत नाहीं.

आमच्या मनांत सर्वांत अधिक घर करून राहिली ती दुसरीच गोष्ट. रहीमसाहेबांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हे स्वतः चांगले फूटबॉलपटू होते. १९६० सालच्या रोम ऑलिंपिकच्या संघांत त्यांचें नांव होतें, परंतु एकाहि सामन्यांत खेळण्याची पाळी त्यांच्यावर आली नाहीं. आणि जकार्त्याला सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघांत तर त्यांचें नांवच नाहीं. वाढपी आपला असला म्हणजे पंगतीच्या टोंकाला बसलें तरी चालतें, अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि एकत्र कुटुंबांत वाढलेल्या प्रत्येकाला तिचा अनुभव आहे. येथें वाढपी सख्खा बाप होता, व पान कोरडें राहिलें. आमच्या भगिनी वाचकांना अशा वेळीं मुलाच्या आईचें मन आठवेल. बाहेर निःस्पृह म्हणून वाखाणला गेलेला मनुष्य घरीं जेवावयास बसतो तेव्हां त्याला वाढणारें कोणी तरी असतें, आणि तिला त्या निःस्पृहतेचा हिशेब कोणी विचारीत नाहीं. हें घरांतलें मौन बोलपटांत आणखी दिसावयास हवें होतें. कारस्थानी अधिकाऱ्यांच्या दोन बैठका कापून त्याला जागा करतां आली असती.

त्या संघांतील फोर्चुनॅटो फ्रँको यांचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. त्यांचा जन्म गोव्यांतील कोलवाळचा, व ते मुंबईंत टाटांच्या संघाकडून खेळत. गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ मध्यें. त्यानंतर नऊ महिनेहि पुरे झाले नव्हते तोंच हा कोलवाळचा तरुण जकार्त्याला भारताच्या मधल्या फळींत उभा होता. आणि आमच्या क्रिकेटप्रेमी वाचकांस सांगावयाचें तर, चुनी गोस्वामी हे १९७१-७२ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत मुंबईविरुद्ध बंगालचे कर्णधार होते.

इतका मोठा विजय आपण विसरलों कसे, असा प्रश्न बोलपट पाहून उठलेल्या मुलांनीं विचारला. ४ सप्टेंबरला सुवर्णपदक मिळालें, २० ऑक्टोबरला चिनी सैन्याचें आक्रमण सुरू झालें; त्या हिंवाळ्यांत फूटबॉलची आठवण कोणाला राहणार? ११ जून १९६३ रोजीं रहीमसाहेब वारले. पुढें १९७० सालीं बँकॉकला कांस्यपदक मिळालें, परंतु आशियाई क्रीडोत्सवांतील फूटबॉलचें सुवर्णपदक १९६२ नंतर आपल्याकडे आलेलें नाहीं.

हा बोलपट तयार होण्यास फार वर्षें लागलीं. चित्रीकरण महामारीनें अडलें, आणि मुंबईंत उभारलेल्या त्याच्या मैदानाचें २०२१ च्या मे महिन्यांतील चक्रीवादळानें नुकसान केलें. तेवढ्या अवधींत प्रदीपकुमार बॅनर्जी २०२० च्या मार्चमध्यें गेले, चुनी गोस्वामी त्याच एप्रिलमध्यें, फ्रँको २०२१ च्या मे महिन्यांत, तुळसीदास बलराम २०२३ च्या फेब्रुवारींत. हकीम पुढें भारतीय वायुदलांत अधिकारी झाले, आंतरराष्ट्रीय पंच म्हणून त्यांनीं नांव मिळविलें, व २०२१ च्या ऑगस्टमध्यें ते निवर्तले. वडिलांची कथा पडद्यावर येण्यास तेव्हां आणखी अडीच वर्षांहून अधिक काळ होता.