गोधडीचे तास कोण मोजणार?

मैत्रिणींनो, आपल्या प्रदर्शनांत, आठ मार्चच्या मेळाव्यांत, संस्थांच्या वार्षिक अहवालांच्या मुखपृष्ठांवर गोधडी हमखास असते. मी गेली सहा वर्षं सोलापुरात एका गोधडी गटाबरोबर काम करते आहे, त्यामुळे त्यातल्या दोन-तीन मुखपृष्ठांची जबाबदारी माझीच. तेव्हा हा लेख दुसऱ्या कुणाला दगड मारण्यासाठी नाही. पण यात भांडण आहे आणि ते आपलं आपल्याशीच आहे, हे आधीच सांगून टाकते.

आमचा गट २३ जणींचा. मंगळवारी आणि शुक्रवारी बालवाडी सुटली की त्याच खोलीत दुपारी एक ते पाच बसतो. बोलणं मराठी, तेलुगू, कानडी आणि दखनी असं सरमिसळ चालतं. कापड दोन वाटांनी येतं. एक घरोघरची जुनी लुगडी, साड्या, धोतरं. दुसरं गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतून किलोच्या भावानं मिळणारी कातरणं. जमिनीवर अस्तर अंथरायचं, त्यावर तीन-चार थर पसरायचे, हातानं सुरकुत्या काढायच्या, कच्चा दोरा मारून घ्यायचा. मग चौघी चार बाजूंना बसतात आणि कडेकडून मध्याकडे धावदोऱ्याच्या ओळी घालत सरकतात. दोन ओळींत एका बोटाचं अंतर. मध्याशी येता येता चौघींचे गुडघे एकमेकींना लागतात आणि तेव्हा जे बोलणं निघतं, ते नवऱ्याचं, सासरचं, पोटातल्या गाठीचं, कर्जाचं. ते मी इथे लिहिणार नाही. कारण वाद तिथूनच सुरू होतो.

आपल्या वर्तुळातल्या कितीतरी जणींना वाटतं की गोधडी गटाचं खरं मोल त्या बोलण्यात आहे. बायका एकत्र येतात, मन मोकळं होतं, त्यांना स्वतःचा असा एक अवकाश मिळतो. मलाही तसंच वाटायचं. समाजकार्याच्या एम.ए.ला समूहकार्याचा पेपर होता, त्यात मी या विषयावर चांगले गुण मिळवले होते! गटाचा पहिला प्रस्ताव मीच लिहिला आणि त्यात एक वाक्य होतं: 'महिलांना फावल्या वेळात उत्पन्नाचे साधन.'

कुठला फावला वेळ? केंद्र सरकारनं २०२४ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. जे पुरुष घरकामाला हात लावतात, त्यांची मिनिटं ८८. मुलांचं, आजाऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं. यात पाणी भरून, विड्या वळून, धुणीभांडी करून आलेल्या बाईच्या दुपारी एक ते पाचला फावला वेळ म्हणायचं, हे मी शिकले कुठे? कामाला काम म्हटलं की दाम द्यावा लागतो. फावला वेळ म्हटलं की मानधन चालतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एक वही घातली. गोधडी अंथरल्यापासून शेवटचा काठ दुमडेपर्यंत कोण किती वेळ बसलं, ते लिहायचं. चार बाय सहा फुटांच्या साध्या गोधडीला सगळ्यांचे मिळून ६२ तास भरले. मजुरी आम्ही देत होतो ९०० रुपये. म्हणजे तासाला साडेचौदा रुपये. विक्रीची किंमत २६०० होती. कापड आणि दोरा ३५०. उरलेले १३५० स्टॉलच्या भाड्यात, प्रवासात, कापडी पिशवीत, छापील लेबलात आणि 'व्यवस्थापन' नावाच्या रकान्यात जात होते. त्या रकान्यात माझं मानधनही होतं. हा हिशेब मी फळ्यावर लिहिला, तेव्हा खोलीत कुणी बोललं नाही. मग गटातली सगळ्यात वयस्कर आजी म्हणाली, "म्हंजे ताई, आमच्यापेक्षा पिशवी बरी." आणि सगळ्याजणी हसल्या. मला हसू आलं नाही.

त्याच वेळेला एक मोठी मागणी आली. महिलांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका संस्थेला परिषदेच्या पाहुण्यांना भेट देण्यासाठी ४० गोधड्या हव्या होत्या, आठ आठवड्यांत. दर त्यांनीच कळवला, १८०० रुपये. कारण 'कार्य सामाजिक आहे'. शिवाय प्रत्येक गोधडीबरोबर शिवणारीची गोष्ट छापलेलं एक कार्ड हवं होतं, कोणाची साडी, काय आठवण, असं. मी वही काढली. ४० गोधड्या म्हणजे २४८० तास. सगळ्या २३ जणी एकही दिवस न चुकवता आल्या तरी आठ आठवड्यांत १४७२ तास भरतात. उरलेले हजार तास कुठून येणार होते? रात्रीच्या झोपेतून. ज्या परिषदेत बायकांच्या अदृश्य श्रमांवर चर्चा होणार, तिच्या भेटवस्तूसाठी!

कार्डाचा विषय निघाला, तेव्हा एकीनं सरळ विचारलं, "गोष्ट काय लिवायची? ती साडी तर किलोच्या ढिगातली हाय." दुसरी म्हणाली, खोटी लिहू, सासूची म्हणू. तिसरीचं मात्र खरंच आईचं लुगडं होतं, आणि तिनं ते कार्डावर लिहायला साफ नकार दिला. म्हणाली, लुगडं दिलं, आई नाही विकायची.

मी मध्यममार्ग काढायला गेले. आपली सवयच ती. म्हटलं, दर कमी आहे खरा, पण एवढ्या लोकांपर्यंत तुमचं काम पोहोचेल, आणि एकत्र बसण्यातला आनंद तर आहेच. त्यावर विड्या वळणारी एक मावशी सुई तशीच अडकवून ठेवून म्हणाली, "ताई, तुमालाबी आमच्यात बसून बरं वाटतं ना? मग तुमी पगार कमी घेता का?"

हा प्रश्न विडीवाल्या बाईनंच विचारावा, हे मला नंतर कळलं. विडीचं काम गोधडीपेक्षा कितीतरी वाईट. तंबाखूची खकाणा, खोकला, मान मोडून बसणं. पण १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानं घरी बसून विडी वळणारीला कामगार म्हटलं. दर हजार विड्यांवर ठरला, आणि ठरला तो नुसता कायद्यानं नाही. मोर्चे काढून, संप करून ठरला. याच सोलापूरच्या कुंभारीत गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी आहे, २००६ साली घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तिच्या हातात कारखान्याचं कार्ड असतं, म्हणून तिला दर विचारायची भाषा येते. तीच बाई दुपारी गोधडीवर बसली की आपण तिला कलाकार म्हणतो, आणि कलाकारानं दर विचारला की आपल्याला वाईट वाटतं.

गोधडीच्या बाबतीत असं भांडण कुणी केलंच नाही, असं नाही. अहमदाबादच्या दरियापूर भागात गिरण्यांच्या चिंध्या जोडून रजईच्या खोळी शिवणाऱ्या बायका, बहुतेक मुसलमान, व्यापाऱ्यांकडून नगावर पैसे घेत. १९७२ साली स्थापन झालेल्या 'सेवा' संघटनेत त्या १९७० च्या दशकाच्या अखेरीस आल्या आणि त्यांनी दर वाढवून मागितला. व्यापाऱ्यांनी पुढे होणाऱ्या बायकांचं काम बंद केलं. तेव्हा संघटनेला नुसती मागणी करून भागलं नाही. गिरण्यांकडून थेट चिंध्या मिळवाव्या लागल्या, स्वतःचं शिवणकेंद्र काढावं लागलं, त्यातून पुढे 'सबिना' नावाची सहकारी संस्था झाली. इलाबेन भट यांच्याच अध्यक्षतेखालच्या आयोगानं १९८८ साली 'श्रमशक्ती' अहवाल दिला. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरी राबणाऱ्या कामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. आपल्या किती मेळाव्यांत हा ठराव झाला? आणि किती मेळाव्यांत स्वागताला गोधडी दिली गेली?

काही मैत्रिणी म्हणतात, आधी कौतुक तर होऊ दे, बाजार तयार होऊ दे, पैसा मागून येईल. अमेरिकेत, अलाबामातल्या जीज बेंड या गावच्या काळ्या बायकांच्या गोधड्यांचं जेवढं कौतुक झालं, तेवढं आपलं सात जन्मांत होणार नाही. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या संग्रहालयात लागल्या, मग न्यूयॉर्कला गेल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर छापल्या गेल्या. आणि २००७ मध्ये त्यांतल्या काही बायका पैशांसाठी आणि नक्षीवरच्या हक्कांसाठी न्यायालयात गेल्या. ती प्रकरणं पुढच्या वर्षी न्यायालयाबाहेर मिटली. त्याच भागात १९६६ साली, मतदानाच्या हक्काच्या चळवळीच्या धामधुमीत, 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही गोधड्या शिवणाऱ्या बायकांची सहकारी संस्था निघाली होती. तिचं नाव आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही. संग्रहालयाचं माहीत आहे.

मला बोलण्याचं मोल नको आहे, असं कुणी समजू नये. चौघींचे गुडघे टेकतात तेव्हा जे निघतं, त्यातून दोघींनी आजवर घरच्या मारहाणीची तक्रार नोंदवली आहे. पण ते मोल मजुरीतून वळतं करून घ्यायचा हक्क मला कोणी दिला? कारखान्याच्या दारात चहा पितानाही कामगार मन मोकळं करतात. त्यांचा पगार त्यासाठी कुणी कापत नाही.

'एवढी महाग गोधडी घेणार कोण?' हा आक्षेप मात्र खरा आहे, त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. गटानं तासाला ५० रुपये असा दर ठरवला. मजुरी ३१००, कापड-दोरा ३५०, बाकी सगळा खर्च ७०० च्या वर जाऊ द्यायचा नाही, किंमत ४१५०. माझं मानधन गोधडीतून काढायचं नाही, असंही ठरलं. त्याची सोय संस्थेनं करावी, आणि नसेल होत तर ती माझी आणि संस्थेची लढाई. छापील लेबल बंद. प्रत्येक गोधडीला एक साधी चिठ्ठी, तिच्यावर फक्त तास आणि मजुरी. एकीनं सुचवलं होतं की नऊशे रुपये देणाऱ्याला नऊशेचेच टाके घालू, दोन ओळींत चार बोटं सोडू. तिनं करूनही पाहिलं. दुसऱ्या मंगळवारी येऊन तिनं ते सगळं उसवलं. म्हणाली, हाताला जमंना.

या किमतीला विक्री कमी झाली आहे. गेल्या थंडीत ११ गोधड्या गेल्या, आधीच्या वर्षी २९ गेल्या होत्या. दोघी गट सोडून मशीनच्या कामावर गेल्या, त्यांना दोष देण्याची माझी हिंमत नाही. उरलेल्यांनी दर खाली आणायचा का, यावर महिनाभर वाद झाला. आजी दर उतरवायच्या बाजूची होती, विडीवाली मावशी विरुद्ध. शेवटी हात वर करून मतं घेतली. १४ विरुद्ध ७, दर तसाच राहिला.

त्या ४० गोधड्यांच्या मागणीला आम्ही लेखी उत्तर पाठवलं होतं. दर ४१५०, मुदत १४ आठवडे, गोष्टीचं कार्ड मिळणार नाही, तासांची चिठ्ठी मिळेल. त्यांनी कापडी पिशव्या घेतल्या म्हणे. वहीत तास लिहायचं काम आता गटातल्या धाकटीकडे आहे. परवा तिनं माझ्या नावाचाही एक रकाना आखला आणि विचारलं, "ताई, तुमी किती वाजता आला?"