घटातले पान-सुपारी नीट पाहा



वैशाखातली आखाजी म्हणजे पितरांच्या नावाने भरलेली घागर, आंब्याचा रस आणि पुरणाची पोळी. सालदाराचे साल कुठे पाडव्याला बदलते, कुठे आखाजीला. शेत तयार होत आलेले असते, बियाण्याचा पैसा मात्र अजून उभा करायचा असतो. नेमक्या याच दिवशी आपल्याकडची माणसे जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची वाट धरतात.

चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली ही घटमांडणी तीनशेहून अधिक वर्षांची आहे, असे सांगतात. आखाजीच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात गोल घट आखतात. कडेने गहू, ज्वारी, तूर, उडीद, मूग, तीळ, सरकी अशी अठरा धान्ये मांडतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यावर पाण्याने भरलेली घागर, वर पापड, कुरडई, वडा. शेजारी पान-सुपारी, ती राजाची. रात्री तिथे कोणी फिरकत नाही. पहाटे दाणा किती हलला, ढेकूळ किती भिजले हे पाहून भाकणूक सांगतात.

शहरातली माणसे याला हसतात. त्यांचा पगार एक तारखेला ठरलेला असतो. वर्षाची पुंजी मातीत टाकण्याआधी पुढचे थोडे तरी कळावे, ही आपली भूक खोटी नाही. पण दाणा रात्री वाऱ्याने हलतो, मुंगीने हलतो. त्यावरून पेरा ठरवायचा नाही. 22 जुलै 2023 ला संग्रामपूर-जळगाव जामोद भागात ढगफुटीसारखा पाऊस होऊन शेते खरडून गेली. खाली खारपाणपट्टा, वर मेहकर-लोणारचे पठार. एका जिल्ह्याला जिथे एक पाऊस नाही, तिथे साऱ्या मुलखाला एक भाकणूक कशी पुरेल?

म्हणून भेंडवळला जरूर जा, सगेसोयरे भेटतील, चार तालुक्यांच्या गोष्टी कानावर येतील. पण घरी आल्यावर आपली मांडणी आपण करा. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात दहा-दहाच्या ओळीने गुंडाळा, ओल टिकवा, आठवडाभराने मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणे पेरणीजोगे. 2020 च्या खरिपात विकतचे सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी राज्यात झाल्या, हे विसरू नका. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण बाहेर काढू नका.

आता राहिली पान-सुपारी. जुन्या माणसांनी पावसाच्या ढेकळांशेजारी राजाही मांडला, यातच त्यांचे शहाणपण आहे. शेतकऱ्याचे साल आभाळ बुडवते तसे राजाही बुडवतो, हे त्यांना ठाऊक होते. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीनचे नवे पीक तोंडावर असताना सरकारने 12 लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला मुभा दिली. 20 डिसेंबर 2021 ला सोयाबीन, हरभरा, मूग यांचे वायदे सेबीने बंद केले आणि पुढे बंदीची मुदत वाढतच गेली. पुढच्या भावाचा थोडाफार अंदाज देणारी एक जागा होती, तीही मिटली. 19 ऑगस्ट 2025 पासून कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क माफ झाले, आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेर. तोवर आपली पऱ्हाटी शेतात उभी होती.

यातले काही कोणत्या घागरीत दिसणार होते? हे माणसांनी कागदावर ठरवले, आणि माणसांनी ठरवलेले माणसांना बदलता येते. पावसाला जाब विचारता येत नाही. राजाला येतो. पेरणीच्या आधी आयात-निर्यातीचे धोरण जाहीर करा आणि माल घरात येईपर्यंत ते बदलू नका, एवढी एकच मागणी गावोगावच्या बैठकीत ठरावाने मांडा. पान-सुपारी हलली की नाही, हे पाहत बसण्यापेक्षा ती हलवणे आपल्या हातात आहे.