संगणकाचा दाखला



तुमच्यापैकी कोणी कोणी शाळा बदलली आहे? बाबांची बदली झाली किंवा गावातली चौथी संपवून तालुक्याच्या शाळेत जायचं झालं, की एक कागद हमखास मागतात. शाळा सोडल्याचा दाखला! जुन्या शाळेच्या पटावरचं नाव कमी करायचं आणि नव्या शाळेच्या पटावर चढवायचं. एकाच मुलाचं नाव दोन्हीकडे राहिलं तर सगळा हिशोबच चुकायचा, नाही का?

आता मी म्हटलं, की संगणकालाही असा दाखला द्यावा लागतो, तर तुम्ही हसाल. मीही हसले असते. पण आमच्या चौथीच्या वर्गासमोर माझी जी फजिती झाली ती ऐका, म्हणजे तुम्हाला पटेल.

परिसर अभ्यासाच्या तासाला समुद्रातल्या प्राण्यांची माहिती चालली होती. आमचं गाव डोंगराच्या कुशीतलं. वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेलाच नाही. निळा देवमासा केवढा असतो हे सांगताना माझे हात पसरून पसरून दुखले. "बाई, आपल्या वर्गाएवढा?" "अरे, त्याहून कितीतरी लांब!" पण नुसत्या सांगण्याने का देवमासा दिसतो?

माझा थोरला भाऊ पुण्याला असतो. इंटरनेटवरच्या एका दुकानातून त्याने समुद्रावरचा एक छान माहितीपट विकत घेतला होता. रीतसर पैसे भरून, बरं का! तो दोन दिवस घरी येणार होता. मी लगेच वर्गात जाहीर केलं, "शनिवारी आपण देवमासा बघायचा!"

शनिवारची सकाळची शाळा. मुलं अर्धा तास आधीच हजर. एकीने तर धाकट्या बहिणीलाही आणलं होतं. खिडक्यांना चादरी लावून अंधार केला. दादाने शाळेच्या संगणकाला पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजीत सूचना आली. या संगणकाला हा चित्रपट दाखवायची परवानगी नाही, खातेदाराने आपलं नाव आणि पासवर्ड भरावा.

"अरेच्चा, हो की!" दादा म्हणाला. त्याने मोबाइलवरून इंटरनेट जोडलं आणि आपला पासवर्ड भरला. तर दुसरी सूचना! या खात्यावर जेवढ्या संगणकांना परवानगी देता येते, तेवढी देऊन झाली आहे.

वर्ग एकदम चिडीचूप. मग मागच्या रांगेतून हळूच आवाज आला, "बाई, हा सिनेमा चोरीचा आहे का?"

काय सांगू तुम्हाला! चारच दिवसांपूर्वी मी त्याच वर्गात सांगितलं होतं, की दुसऱ्याने कष्ट करून केलेली गाणी नि सिनेमे फुकट उतरवून घेणं ही चोरीच. आणि आज मीच संशयित! "नाही रे बाळा, पैसे दिलेत. पावतीसुद्धा आहे," मी म्हटलं. "मग तो लागत का नाही?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पुन्हा हात पसरून देवमासा सांगितला. घंटा झाली, मुलं घरी गेली. ती धाकटी बहीण तेवढी जाताना विचारून गेली, "देवमासा कुठाय?"

संध्याकाळी दादाला समोर बसवलं. म्हटलं, "आता मला नीट समजावून सांग. सोमवारी मुलांना उत्तर द्यायचंय."

तो म्हणाला, "असं समज, की ती फाइल म्हणजे कुलूप लावलेली पेटी आहे. पेटीची नक्कल कितीही वेळा करता येते. पेनड्राइव्हवर घे, दुसऱ्या संगणकावर टाक. पण आतलं पाहायचं तर किल्ली हवी, आणि ती दुकानाकडे असते. आपण नाव-पासवर्ड भरला, की दुकान खातं तपासतं, हा संगणक कोणता ते आपल्या वहीत टिपतं आणि मग किल्ली पाठवतं. यालाच म्हणतात संगणक ऑथोराइज करणं."

"आणि ही वही म्हणजे आमचा पट!" मी म्हटलं. "त्यात जागा मोजक्याच. मग तुझ्या पटावर कोण कोण आहे?"

दादा आठवू लागला. एक लॅपटॉप जुन्या कंपनीचा, नोकरी सोडताना परत केलेला. एक पावसात भिजला, तो भंगारात गेला. एक वहिनीच्या भावाला दिला. एकाची हार्डडिस्क बदलली, तेव्हा दुकानाला तो नवाच संगणक वाटला आणि त्याचं नाव पटावर दुसऱ्यांदा चढलं! यातल्या एकालाही दादाने जाताना दाखला दिला नव्हता. म्हणजे वर्गात मूल एकही नाही, आणि पट मात्र गच्च भरलेला! चूक दुकानाची नव्हती, आमचीच होती.

दादाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, नववीत आहे. तो म्हणाला, "आत्या, एवढं कशाला? कुलूप तोडणारं सॉफ्टवेअर मिळतं की!" मिळतं खरं. पण आपल्या देशाच्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली एक कलम घातलं आहे. दुसऱ्याच्या हक्कांचा भंग करण्यासाठी असं कुलूप तोडलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. आणि मला तर वर्गात ताठ मानेने उभं राहायचं होतं!

पण मुलांनो, ही कुलपं मुळात आली कशी? 1999 साली अमेरिकेत नॅपस्टर नावाची सोय निघाली. तिच्यावरून लोक एकमेकांच्या संगणकातली गाणी फुकट उतरवून घेऊ लागले. गाण्यांच्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि 2001 मध्ये ती बंद पडली. पुढे 28 एप्रिल 2003 रोजी ॲपल कंपनीने इंटरनेटवर गाण्यांचं दुकान उघडलं, आयट्यून्स म्युझिक स्टोअर. एक गाणं 99 सेंटला. कंपन्यांना धास्ती होती, की एक जण गाणं विकत घेईल आणि हजारांना वाटेल. म्हणून गाण्यांना कुलूप लावलं. सुरुवातीला एका खात्यावर तीन संगणकांना परवानगी मिळे, 2004 मध्ये ती संख्या पाच झाली.

गंमत म्हणजे ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनीच फेब्रुवारी 2007 मध्ये जाहीर पत्र लिहिलं, की कंपन्यांची तयारी असेल तर गाणी कुलपाशिवाय विकायला आम्हाला आनंदच वाटेल. 2009 मध्ये त्या दुकानातल्या गाण्यांची कुलपं निघाली. चित्रपटांची मात्र राहिली. पाच संगणकांचा नियम आजही आहे. (मोबाइल फोन या पाचांत धरत नाहीत.) संगणकाचं नाव चढवायला 'अकाउंट' या यादीत 'ऑथोरायझेशन्स'मध्ये 'ऑथोराइज' असं बटण असतं आणि नाव कमी करायला 'डीऑथोराइज'. हा झाला आपला दाखला! जुना संगणक हाताशीच नसेल, तर खात्यात जाऊन सगळीच नावं एकदम खोडता येतात, पण वर्षातून एकदाच. इतर दुकानांचे नियम वेगवेगळे असतात, ते वाचून घ्यायचे.

आता याहून अवघड प्रश्न. समजा, किल्ल्या देणारं दुकानच उठून गेलं तर?

असं घडलेलं आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने एमएसएन म्युझिक नावाच्या दुकानातली गाण्यांची विक्री 2006 मध्ये थांबवली. एप्रिल 2008 मध्ये तिने जुन्या गिऱ्हाइकांना कळवलं, की 31 ऑगस्टनंतर आम्ही नव्या किल्ल्या देणार नाही. म्हणजे गाणी आहेत त्या संगणकावर वाजतील, पण नवा संगणक घेतला की त्यावर मुकी! गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला, तेव्हा कंपनीने ही मुदत 2011 च्या अखेरपर्यंत वाढवली. याच कंपनीचं ई-पुस्तकांचंही दुकान होतं. 2019 मध्ये ते बंद झालं आणि लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं वाचता येईनाशी झाली. कंपनीने पैसे परत केले. ज्यांनी पुस्तकांत खुणा नि टिपणं केली होती त्यांच्या खात्यात आणखी 25 डॉलर जमा केले. पण मुलांनो, आपण जपून लिहिलेलं टिपण गेलं, तर ते पैशाने परत येतं का?

सोमवारी मी वर्गाला हे सगळं सांगितलं. कपाटातलं गोष्टीचं पुस्तक एका हातात धरलं आणि एस.टी.चा पास दुसऱ्या हातात. विचारलं, "दोन्हीला पैसे पडले. फरक काय?"

एक जण म्हणाला, "पुस्तक मैत्रिणीला देता येतं, पास नाही देता येत." दुसरी म्हणाली, "पासवर तुमचा फोटो आहे, बाई." तिसरा म्हणाला, "पासाची तारीख संपते. पुस्तक संपत नाही. फाटलं तर चिकटवता येतं."

शाब्बास! अगदी हेच. कुलपाच्या दुकानातून आपण चित्रपट घेतो, तेव्हा आपण पुस्तक घेत नसतो, पास घेत असतो. पास घेण्यात वाईट काही नाही. आपण एस.टी.चा घेतोच की! पण पास हातात देऊन पुस्तक विकल्यासारखं दाखवू नये. म्हणूनच अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात 1 जानेवारी 2025 पासून कायदा लागू झाला आहे. अशा वस्तूवर दुकानाने 'विकत घ्या' असं लिहिलं, तर तुम्हाला मालकी नव्हे, वापरायची परवानगी मिळते आहे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं.

आता आईबाबांनाही वाचून दाखवा, अशा चार गोष्टी सांगते.

पहिली, घेण्याआधी विचारा. हे पुस्तक आहे की पास? किती यंत्रांवर चालेल?

दुसरी, जुना लॅपटॉप विकताना, देताना किंवा दुरुस्तीत हार्डडिस्क बदलताना आधी त्याला दाखला द्या. नंतर आठवून उपयोग नाही. यंत्र हातातून गेलेलं असतं.

तिसरी, खातं कोणत्या ईमेलवर आहे ते घरातल्या मोठ्यांनी एका वहीत लिहून ठेवावं. नोकरीतल्या ईमेलवर असं खातं उघडू नये, कारण नोकरी बदलली की तो पत्ता जातो. आणि पासवर्ड मात्र ज्याचा त्यानेच भरायचा. मित्राला सांगायचा नाही, अगदी बाईंनासुद्धा नाही!

चौथी, जे कायमचं जपायचं आहे ते कुलपाच्या पेटीत ठेवू नका. आजीच्या आवाजातली गोष्ट, बहिणीच्या बारशाचे फोटो, तुमची टिपणं. ती साध्या फाइलीत ठेवा आणि दोन ठिकाणी ठेवा.

आणि देवमाशाचं काय झालं, असं विचारताय ना? दादाने घरी बसून खात्यातली सगळी जुनी नावं खोडली. पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. मी आधी पावती फळ्याशेजारी चिकटवली. परवा ज्याने प्रश्न विचारला होता त्यालाच ती मोठ्याने वाचायला सांगितली. तो थोडा लाजला. मी म्हटलं, "लाजू नकोस. तू विचारलंस म्हणून मी शिकले."

शाळेच्या संगणकाचं नाव पटावर चढलं, खोलीत अंधार झाला, आणि पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा देवमासा सावकाश सरकत गेला. धाकटी बहीण उठून उभीच राहिली. कोणीही एक शब्द बोललं नाही.

माहितीपट संपल्यावर दादा बॅग उचलू लागला, तेवढ्यात दहा-बारा आवाज एकदम आले, "काका, दाखला! दाखला!"

दादाने मुकाट्याने पुन्हा खुर्ची ओढली, 'डीऑथोराइज'चं बटण दाबलं, आणि आमच्या शाळेच्या संगणकाला वर्गाच्या साक्षीने दाखला मिळाला.

या आठवड्याचा गृहपाठ: घरातल्या मोठ्यांना घेऊन बसा आणि पैसे देऊन घेतलेल्या वस्तूंची यादी करा. एका बाजूला पुस्तकं, दुसऱ्या बाजूला पास. कोणती बाजू लांब झाली, ते मला पत्राने जरूर कळवा.

तुमच्या बाई