लॅपटॉप आजारी नाही, काटकसरी आहे!

मैत्रिणींनो, लॅपटॉप ही आता फक्त ऑफिसातली वस्तू राहिलेली नाही. मुलांचा अभ्यास, घरच्या मंडळींचे काम, आपले शिकवणीचे कागद, सगळे त्याच्यावरच चालते. आणि मग एक तक्रार हमखास ऐकू येते, "एरवी बरा चालतो हो, पण दिवे गेले की अगदी रखडतो. बिघडला वाटतं!"

आमच्या शाळेत पालकसभेला आलेल्या एका आईने हेच सांगितले. मुलीची ऑनलाइन परीक्षा चालू असताना वीज गेली. लॅपटॉप इतका मंदावला की पुढचा प्रश्न उघडेपर्यंत पोरीच्या डोळ्यांत पाणी आले. दुरुस्तीवाल्याने सांगून टाकले, "प्रोसेसर गेला, नवाच घ्या." घरात बोलणी मात्र मुलीला बसली, "सारखे गेम खेळून बिघडवलास!" आणि गंमत अशी की विजेला जोडल्यावर तोच लॅपटॉप झकास चालत होता!

असे का होते? आपला नळ आणि पिंप आठवा. नळाला पाणी असते तेव्हा आपण सढळ हाताने भांडी घासतो. नळ गेला आणि पिंपातले पाणी संध्याकाळपर्यंत पुरवायचे म्हटले, की तांब्या जपून बुडवतो. लॅपटॉपचे तसेच आहे. भिंतीतला प्लग म्हणजे नळ आणि बॅटरी म्हणजे पिंप. आकडेमोड करणारा प्रोसेसर जितका भरभर चालेल तितकी वीज जास्त खातो. त्यातून वेग वाढवायचा तर विजेचा दाबही वाढवावा लागतो, म्हणून थोड्याशा वेगापायी खर्च फार वाढतो.

हिशेबच मांडू या. बॅटरीत ५० वॅट-तास वीज आहे असे धरा. १० वॅटने खर्च केली तर ती ५ तास पुरेल, २५ वॅटने केली तर २ तासांत खडखडाट! म्हणून प्लग निघाला की लॅपटॉप आपणहून अंथरूण पाहून पाय पसरतो. ही युक्ती काही आजची नाही. इंटेल कंपनीने २००० साली लॅपटॉपसाठी 'स्पीडस्टेप' आणली. तेव्हाचा ६५० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम प्रोसेसर बॅटरीवर आला की ५०० मेगाहर्ट्‌झने चालत असे.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी घरच्या घरी एवढे करून पाहावे:

१. पारख. एकच काम एकदा प्लग लावून आणि एकदा काढून करावे. प्लगवर भरभर आणि बॅटरीवर हळू चालला, तर प्रोसेसर 'गेलेला' नाही, हे नक्की समजा. दोन्हीकडे हळू असेल तर कारण निराळे, म्हणजे आत साठलेली धूळ, उष्णता किंवा काठोकाठ भरलेली डिस्क. गादीवर किंवा उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपची हवा कोंडते आणि तापला की तो मंदावतोच.

२. सेटिंग. विंडोज ११ असेल तर 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'पॉवर अँड बॅटरी' उघडावे. आधी 'एनर्जी सेव्हर' बंद आहे ना ते बघा. (काही लॅपटॉपवर त्यालाच 'बॅटरी सेव्हर' म्हणतात.) मग प्लग काढलेला असतानाच 'पॉवर मोड'मध्ये 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडावे. परीक्षा किंवा घाईचे काम झाले की पुन्हा पहिल्यासारखे करून ठेवा, नाहीतर बॅटरी भराभर उतरेल. एवढे करूनही प्लगइतका वेग प्रत्येक लॅपटॉपला येतोच असे नाही. काहींना बनवणाऱ्यांनीच मर्यादा घातलेली असते.

३. चार्जर. प्लग लावूनही हळू चालत असेल तर चार्जरवरचे वॅट वाचा. ६५ वॅट मागणाऱ्या लॅपटॉपला मोबाइलचा छोटा चार्जर लावणे म्हणजे पंगतीला चहाच्या पातेल्यात भात शिजवणे! काही लॅपटॉप तर परका चार्जर ओळखला नाही की वेग मुद्दाम कमी करतात.

४. बॅटरीचे वय. जुनी बॅटरी एकदम जोर देऊ शकत नाही. मोबाइलचेही असेच. ॲपलने जुन्या बॅटरीचे आयफोन आपणच मंद केल्याचे डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. ते अचानक बंद पडू नयेत म्हणून तसे केले, असे कंपनीचे म्हणणे होते. पण गिऱ्हाइकांना ते सांगितले नव्हते. लोक चिडले, तेव्हा बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणावा लागला. २०२० मध्ये फ्रान्समध्ये अडीच कोटी युरोचा दंडही झाला. नवी बॅटरी घातली की फोन पूर्ववत चालत. म्हणजे पुष्कळांचे काम नव्या फोनाऐवजी नव्या बॅटरीवर भागले असते! म्हणून दुरुस्तीवाल्याकडे 'बॅटरी रिपोर्ट' मागा. त्यात नवी असतानाची क्षमता आणि आजची क्षमता असे दोन आकडे असतात. आजचा आकडा निम्म्यावर आला असेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली. बॅटरी फुगून खालचे झाकण किंवा टचपॅड वर आले असेल, तर मात्र लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि ताबडतोब दाखवा.

५. इन्व्हर्टर. घरी इन्व्हर्टर असेल तर मुलांच्या टेबलाजवळचा प्लग आणि वायफायचा राउटर त्यावर घेता येईल का, ते वायरमनला विचारा. ६५ वॅट म्हणजे साध्या पंख्यापेक्षा जास्त भार नव्हे. लॅपटॉपला तो नळच वाटेल, पिंप नाही. राउटर बंद पडून मोबाइलच्या नेटवर काम चालले असेल, तर पान उशिरा उघडण्याचा दोष नेटचाही असू शकतो, बरं का.

यातले काहीच अवघड नाही, आणि हे 'यांचे' खाते म्हणून सोडून देण्याचेही कारण नाही. घरखर्चाची वही आपल्याच हातात असते ना? मग नव्या लॅपटॉपची भाषा सुरू झाली की आधी प्लग लावून आणि काढून पाहा. परीक्षेच्या आदल्या रात्री बॅटरी पूर्ण भरून ठेवा. आणि हो, खात्री होईपर्यंत पोरांना बोल लावू नका.