मूकबधिरांचा प्रतिनिधी कोण?

गेल्या बुद्धपौर्णिमेस आंबेगाव तालुक्यातील घोड नदीच्या काठच्या एका गावी, तेथील विहारात घडलेला एक साधा प्रसंग आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत. त्रिशरण-पंचशील झाले, प्रवचन झाले, खीरदानाची तयारी चालली होती. इतक्यात स्त्रियांच्या रांगेतून एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी उठली व तिने विहार समितीच्या अध्यक्षांच्या हाती एक कागद दिला. त्यावर लिहिले होते : ‘मी लहानपणापासून येथे हात जोडून बसते. तुम्ही सर्व मिळून काय म्हणता ते मला आजवर कोणी सांगितले नाही. कृपा करून लिहून द्यावे.’

मुलगी जन्मतः बहिरी आहे. पुण्याकडील एका निवासी शाळेत ती शिकली. वर्गात तिला ओठ वाचावयास व घशातून आवाज काढावयास शिकविले गेले. हातांची भाषा मात्र तिला रात्री वसतिगृहात थोरल्या मैत्रिणींनी शिकविली. अध्यक्षांनी तो कागद मोठ्याने वाचून दाखविला आणि सभा हळहळली. अध्यक्ष सज्जन आहेत, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु वीस वर्षे जिला पंचशीलाचा अर्थ कोणी सांगितला नाही, तिच्याविषयी एका क्षणात हळहळणे फार सोपे असते.

खरा प्रश्न त्यानंतर निघाला. पुण्यातील बहिऱ्या तरुण-तरुणींच्या एका मंडळाने जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांकरिता तिची ‘युवा दूत’ म्हणून निवड केलेली आहे. गावोगाव जावे, बहिरी मुले कोठे आहेत ते पाहावे, त्यांच्या आईबापांना भेटावे, ग्रामसभेत व विहारात त्यांच्या वतीने म्हणणे मांडावे, असे तिचे काम. हे कळताच समितीतील दोन-तीन वडीलधाऱ्यांनी सूचना केली की, ‘तिच्याऐवजी तिच्या भावाला पाठवा. तो चांगला बोलतो, त्याला खुणाही येतात. पोरीला कशाला उन्हातान्हात हिंडवावे?’

वाचकहो, ही सूचना सद्भावनेची आहे असे आपणांस वाटेल. आम्हांस ती ओळखीची वाटली. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी ज्या भूमिकेविरुद्ध उभे राहून अस्पृश्यांस त्यांचे स्वतःचे प्रतिनिधी असलेच पाहिजेत अशी मागणी केली, ती भूमिका हीच. १९३१च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचा खरा प्रतिनिधी मीच, असे गांधीजींनी सांगितले तेव्हा आपल्या वाडवडिलांच्या अंगाचा तिळपापड झाला तो ह्याच कारणासाठी. आमच्याविषयी कळवळा असणारा स्पृश्य पुढारी आमचा मित्र होऊ शकेल, प्रतिनिधी होऊ शकणार नाही, हे आपण शंभर वर्षे जगाला सांगत आलो. मग आपल्याच घरातील बहिऱ्या मुलीची पाळी येताच आपल्याला बोलका भाऊ का आठवावा? भावाचे काम आहे, आणि ते मोठे काम आहे. परंतु ते दुभाषाचे आहे.

येथे एका शब्दाविषयी लिहिणे भाग आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी आपले पहिले पाक्षिक काढले, त्याचे नाव ‘मूकनायक’. ज्यांना तोंड असून बोलू दिले जात नव्हते, त्यांना त्यांनी मूक म्हटले. ते रूपक होते, आणि त्या रूपकाने एक समाज बोलका झाला. परंतु ज्यांना आपण आजही दाखल्यावर, भाषणात व विनोदात ‘मूकबधिर’ म्हणतो ते खरोखर मूक आहेत काय? बहुतेकांचा घसा व जीभ शाबूत असते. कानावर शब्द पडत नाही म्हणून तो उच्चारता येत नाही. आणि दोन बहिरी माणसे एकमेकांसमोर बसली की तासन्‌तास बोलत राहतात, हे ज्याने पाहिले आहे तो त्यांना मुके म्हणणार नाही.

भारतीय सांकेतिक भाषा ही स्वतंत्र भाषा आहे. मराठी वा हिंदीचे शब्द हातांनी दाखविण्याची ती युक्ती नव्हे. ‘तू कोठे जातोस?’ असे आपण म्हणतो. त्या भाषेत ‘कोठे’ हा प्रश्न वाक्याच्या शेवटी येतो, नकारही शेवटी येतो, आणि प्रश्न आहे की विधान, हे भुवया व चेहरा सांगतात. प्रांतोप्रांती काही खुणा बदलतात. तरीही जुन्नरच्या तरुणास दिल्लीच्या तरुणाशी, दोघांना ती भाषा येत असेल तर, फारशी अडचण पडत नाही. मराठी व तामीळ बोलणाऱ्यांना हे साधलेले नाही! दिल्ली येथे २०१५ साली ह्या भाषेच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी केंद्र सरकारची संस्था स्थापन झाली. तिच्या कोशात २०२१पर्यंत दहा हजार शब्द जमा झाले.

तरीही ही भाषा शाळेच्या वर्गात चोरटी राहिली, त्याला इतिहास आहे. १८८० साली इटलीतील मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. तीत बहिरे सभासद नावापुरतेच होते. ऐकणाऱ्यांनी ठराव केला की, बहिऱ्यांना तोंडी भाषाच शिकवावी, हातांची भाषा वर्गातून हद्दपार करावी. त्या ठरावाची छाया जगभरच्या शाळांवर शंभर वर्षांहून अधिक काळ राहिली. २०१०च्या व्हँकूवर येथील परिषदेत ते ठराव नाकारण्यात आले आणि खेद व्यक्त करण्यात आला. ज्यांच्याविषयी निर्णय घ्यावयाचा तेच सभेत नसले म्हणजे काय होते, ह्याचा याहून स्वच्छ दाखला आम्हांस ठाऊक नाही.

आपल्याकडील दाखला अधिक जुना आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे जी मनुस्मृती जाळण्यात आली, तिच्या नवव्या अध्यायात वारसा हक्कास अपात्र ठरविलेल्यांची एक यादी आहे. जन्मांध आणि बहिरे तीत आहेत, मुके आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीला पतितही आहेत. शूद्राला ज्या हाताने विद्या नाकारली त्याच हाताने बहिऱ्याला जमीन नाकारली, हे आपल्या चळवळीत फारसे कोणी सांगत नाही. पुढे १९२८च्या कायद्याने बहिऱ्यांवरील ही अपात्रता बहुतांशी दूर केली आणि १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने व्यंगाच्या कारणावरून कोणासही वारसा नाकारता येणार नाही असे स्पष्ट केले. हा कायदा बौद्धांसही लागू आहे. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यातून निघालेल्या कायद्यांपैकीच हा एक. जुन्नर-आंबेगावात बहिऱ्या भावाचा किंवा बहिणीचा अंगठा घेऊन सातबाऱ्यावरून नाव कमी करण्याचा प्रकार कोणाच्या पाहण्यात आला, तर त्याने हा कायदा ध्यानात ठेवावा.

मनूला दोष देणे आपल्याला जड जात नाही. जड जाते ते आपल्या घरात पाहणे. विनयपिटकाच्या महावग्गात प्रव्रज्या कोणास देऊ नये, ह्याची जी यादी आहे तीतही आंधळे, मुके व बहिरे आहेत. संघाचे सर्व कर्म त्या काळी तोंडी चाले. वाक्य उच्चारावे लागे व संघाने ते ऐकावे लागे, हे त्यामागील कारण असावे असे आम्ही समजतो. पण कारण समजले म्हणून गोष्ट दडविण्याची आम्हांस गरज वाटत नाही. बौद्धाने ग्रंथास प्रश्न विचारावयाचा नाही तर कोणी? त्याच विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दुसरी कथा आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी विनंती केली की, बुद्धवचन छांदस भाषेत घालावे, म्हणजे ते बिघडणार नाही. भगवंतांनी ती विनंती धुडकावली आणि प्रत्येकाने आपापल्या भाषेत बुद्धवचन शिकावे अशी अनुज्ञा दिली. उपासक होण्यास बहिऱ्याला कोठेही मज्जाव नाही. त्याची आपली भाषा हातांची आहे. तेव्हा त्या मुलीस पंचशील तिच्या भाषेत मिळणे, हा तिच्यावरचा उपकार होत नाही; ती बुद्धाची अनुज्ञा आहे.

आणि स्थान तरी कोणते! जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून अधिक बौद्ध लेणी आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी. त्यांच्या भिंतींवर ब्राह्मी लेख आहेत. दान देणाऱ्यांत यवन आहेत, कासारांची व बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे. परभाषेच्या माणसास व हातांनी काम करणाऱ्यास तेथे दाता म्हणून जागा मिळाली, आणि ते लेख वाचावयास कान लागत नाहीत.

ह्या दोन तालुक्यांत न ऐकू येणे हा केवळ शिक्षणाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. धरणांच्या कालव्यांनी ऊस आला, उसात बिबट्या आला. बिबट्या दिसला की भोंग्यावरून सावध करतात, फटाके वाजवितात, माणसे हाका मारतात. ह्यांतील एकही गोष्ट शेताच्या बांधावर बसलेल्या बहिऱ्या मुलापर्यंत पोचत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगावातील माळीण गाव डोंगराखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. ढिगाऱ्याखालून एका तान्ह्या मुलाचे रडणे मदतीस आलेल्यांनी ऐकले, म्हणून माय-लेकरू वाचले. जो हाकेला ओ देऊ शकत नाही, त्याला शोधावयाचे कसे? कोणत्या घरात बहिरे माणूस आहे, त्याला जागे करण्यास कोणी जावयाचे, एवढी नोंद तरी प्रत्येक वाडीत असावयास नको काय? ही नोंद करणे हे त्या दूताचे पहिले काम आहे, आणि ते ती भावापेक्षा चांगले करील. कारण तिच्यासमोर बहिऱ्या मुलाचे हात आपोआप हलू लागतात. आईबाप त्याला लपवीत असले तरी.

कायदा आज तिच्या बाजूने आहे. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७पासून अमलात आहे. सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक नेमावेत असे तो सांगतो. सरकारी नोकऱ्यांतील दिव्यांगांच्या ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का कर्णबधिरांसाठी आहे. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची खुणांनी दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानली जाते, आणि दुभाषा घेणे न्यायालयावर बंधनकारक आहे. आपल्या वस्तीतील एखाद्या बहिऱ्या मुलीवर अत्याचार झाला आणि ‘ती काय सांगणार?’ म्हणून ठाण्यातून परत पाठविले, तर हा नियम हातात असावा. सप्टेंबर २०२३मध्ये सारा सनी ह्या बहिऱ्या वकील भगिनींनी दुभाषाच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजात भाग घेतला. दुभाषा त्यांच्यासाठी बोलला; वकील त्याच होत्या.

आम्हांस एक भीती वाटते, ती सांगून टाकतो. दूत नेमणे ही शोभेची गोष्ट होऊ शकते. २३ सप्टेंबरला जागतिक सांकेतिक भाषा दिन येईल, शाल-श्रीफळ होईल, छायाचित्र निघेल आणि ती मुलगी पुन्हा मागच्या रांगेत बसेल. आमच्या जयंती मंडळांविषयीही कटू बोलणे भाग आहे. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांहून अधिक राहणे कानास घातक समजतात. आपल्या मिरवणुकीतील डीजे त्याच्या कितीतरी पलीकडे असतो. म्हणजे वर्गणीचा पैसा अशा यंत्रावर जातो, जे बहिऱ्याला ऐकू येत नाही आणि ऐकणाऱ्याला बहिरे करते.

त्या विहाराच्या समितीने आता ठरविले आहे की, आषाढी पौर्णिमेपासून वर्षावासाच्या प्रवचनांत ती मुलगी समोर उभी राहून त्रिशरण-पंचशील तिच्या भाषेत घेईल व बाकीचे तिच्यामागून घेतील. पुढे बावीस प्रतिज्ञाही. जुन्नर तालुक्यातील दोन विहारांनी तिला बोलाविले आहे. भाऊ दुभाषा म्हणून बरोबर जाणार आहे आणि त्याचा रोज बुडणार आहे. त्याचे मानधन कोणत्या खात्यातून द्यावे, अशी विचारणा समितीच्या चिटणिसांनी आमच्याकडे केली आहे. ध्वनिक्षेपकाचे भाडे ज्या खात्यातून देता, त्याच खात्यातून द्यावे, असे आम्ही त्यांना कळविले आहे.