खेळाचे पुस्तक घ्यावे, पण कोणते?



पुस्तकावर खर्च केलेला पैसा कधी वाया जात नाही, असे आपण लहानपणापासून ऐकतो. हे म्हणणे पूर्ण खरे नाही. काही पुस्तके वर्षानुवर्षे हाताशी राहतात. त्यांची पाने मळतात, कोपरे दुमडतात, बांधणी सैल होते. काही पुस्तके मात्र एकदा चाळून कपाटात जातात ती कायमचीच. दोन्ही सारख्याच हौसेने घेतलेली असतात. मग हा फरक का पडतो?

याचे उत्तर शोधण्यासाठी येथे एक वेगळे उदाहरण घेतले आहे. ते आहे एका खेळाच्या पुस्तकांचे. या खेळाचे शौकीन पन्नास वर्षांपासून पुस्तके विकत घेत आहेत. ते एकत्र जमले की एक विषय हटकून निघतो : कोणते पुस्तक घेऊन पस्तावलो, आणि कोणत्या पुस्तकाचे पैसे वसूल झाले?

खेळ आहे तरी कसा?

१९७४ साली अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून एक पेटी विक्रीस आली. पेटीत तीन लहान पुस्तिका होत्या. खेळाचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. तो गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचला होता. पहिल्या छपाईच्या प्रती होत्या अवघ्या १,०००. येथून ‘रोल-प्लेइंग गेम’, म्हणजे भूमिका घेऊन खेळायचा खेळ, हा प्रकार सुरू झाला.

चार-पाच मित्र मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार सांगतो, “समोर नदी आहे, पूल मोडला आहे. काय कराल?” कोणी म्हणतो, “मी पोहून जातो.” आता ते त्याला जमेल की नाही? ते फासा ठरवतो. त्या पात्राला पोहणे चांगले येत असेल तर फाशाच्या दानात एक-दोन अंक वाढवून मिळतात. बस्स, खेळ तो एवढाच. बाकी सारी कल्पनाशक्ती.

यातील फासेही पाहण्यासारखे असतात. ४, ६, ८, १२ आणि २० पृष्ठांचे फासे वापरतात. सर्व पृष्ठे एकसारखे सुसम बहुभुज आणि प्रत्येक कोपरा सारखा असे बहिर्वक्र घन फक्त हे पाचच असू शकतात. युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या तेराव्या भागाच्या शेवटी हे सिद्ध केले आहे. (या खेळात १० पृष्ठांचा फासाही असतो, पण तो या पाचांपैकी नव्हे!)

आता प्रकाशकाच्या जागी उभे राहून विचार करा. या खेळाला पट नको, सोंगट्या नसल्या तरी चालते, फासे एकदा घेतले की झिजत नाहीत. नियमांचे एक पुस्तक असले की मंडळी दहा वर्षे खेळू शकतात. मग प्रकाशकाने दुसऱ्या वर्षी विकायचे काय? अर्थात आणखी पुस्तके! नवे राक्षस, नवी शस्त्रे, नवी राज्ये, नव्या आवृत्त्या. त्यात फसवणूक काही नाही. तो त्याचा धंदा आहे. पण प्रकाशकाला विकण्याची जेवढी गरज आहे, तेवढी आपल्याला घेण्याची आहे का, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

पैसे वसूल करणारे पुस्तक

१९७७ साली मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ हा अंतराळप्रवासाचा खेळ प्रसिद्ध झाला. तीन छोट्या काळ्या पुस्तिका. तिन्हींची पाने मिळून दीडशेसुद्धा भरत नाहीत, आत चित्रे जवळजवळ नाहीत. पण त्यांच्यात काय भरले आहे ते पाहा.

एका यानाला एका ग्रहावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागेल, याचे तयार कोष्टक देऊन थांबण्याऐवजी लेखकाने सूत्रच दिले आहे. अंतराला त्वरणाने भागा, वर्गमूळ काढा, दुप्पट करा. यान अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवत जाते आणि उरलेल्या अर्ध्या वाटेत तितकाच कमी करत जाते, असे यात धरले आहे. नववी-दहावीचा विद्यार्थी हे सूत्र स्वतः सिद्ध करू शकेल. अंतर म्हणजे त्वरण गुणिले काळाचा वर्ग, त्याचे निम्मे. हे निम्म्या वाटेला लावा, की झाले.

चंद्राचेच उदाहरण घेऊ. अंतर ३८ कोटी ४० लाख मीटर, त्वरण दर सेकंदाला दर सेकंद १० मीटर. भागाकार ३ कोटी ८४ लाख, वर्गमूळ सुमारे ६,२००, दुप्पट १२,४०० सेकंद. म्हणजे साधारण साडेतीन तास! १९६९ साली अपोलो-११ ला चंद्राजवळ पोहोचायला तीन दिवसांहून थोडा अधिक वेळ लागला होता, कारण त्याचे इंजिन काही मिनिटेच पेटवले होते. पुढची वाट त्याने बहुतेक इंजिन बंद ठेवूनच कापली. एवढ्या त्वरणाने सारी वाट जळत राहील असे इंजिन आपल्याजवळ आजही नाही. बघा, एका खेळाच्या सूत्राने आपण कोठवर आलो!

ग्रह तयार करण्याचे नियमही असेच आहेत. दोन फाशांची बेरीज घ्या, २ वजा करा. उत्तर म्हणजे ग्रहाचा व्यास, हजार मैलांत. पृथ्वीचा अंक ८ येतो, चंद्राचा २. हवेसाठी पुन्हा दोन फासे टाका, ७ वजा करा आणि ग्रहाचा अंक मिळवा. म्हणजे लहान ग्रहाला हवा कमी. का? तर त्याचे गुरुत्वाकर्षण दुबळे, हवा धरून ठेवण्याची ताकद कमी. लोकसंख्येचा अंक तर सरळ दहाचा घातांक आहे : ६ आला तर वस्ती दशलक्षांत.

यात चूकही सापडते, आणि ती शोधण्यात मोठी मजा आहे. चंद्राएवढ्या गोलासाठी हवेचा अंक म्हणजे फाशांची बेरीज वजा ५. पृथ्वीइतकी दाट हवा मिळण्यासाठी तो ६ किंवा अधिक हवा, म्हणजे बेरीज ११ किंवा १२ पडली पाहिजे. असे ३६ पैकी ३ वेळा होईल. खरे शास्त्र हे मान्य करणार नाही. मग नियम कसा बदलावा? हा प्रश्न तुम्हाला पडला की समजा, पुस्तकाचे पैसे वसूल झाले. कारण आता तुम्ही ग्रहांची यादी वाचत नाही, ग्रह कसे बनतात याचा विचार करत आहात.

दुसरे उदाहरण ‘डन्जन मास्टर्स गाइड’ या १९७९ च्या ग्रंथाचे. सूत्रधारासाठी लिहिलेल्या या ग्रंथात सुरुवातीलाच संभाव्यतेची चर्चा आहे. २० पृष्ठांच्या एका फाशावर प्रत्येक अंक पडण्याची शक्यता सारखीच, म्हणजे २० त १. पण सहा पृष्ठांचे तीन फासे एकत्र टाकले तर २१६ प्रकार होतात. त्यांत बेरीज १० किंवा ११ येण्याचे प्रकार ५४, आणि १८ येण्याचा प्रकार फक्त १. मधल्या बेरजा वारंवार, टोकाच्या क्वचित. शिवाय ग्रंथाच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. त्यात लेखकाला ज्या कथा-कादंबऱ्यांनी प्रेरणा दिली त्यांची नावे आहेत. ते परिशिष्ट वाचून कितीतरी मुले त्या लेखकांच्या शोधात निघाली. जे पुस्तक आपल्याला दुसऱ्या पुस्तकांकडे पाठवते, ते महाग पडत नाही.

पस्तावा देणारे पुस्तक

आता दुसरी बाजू. १९८० साली ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ नावाचे पुस्तक निघाले. त्यात जगातील अनेक पुराणांतील देव आहेत : ग्रीक, ईजिप्तचे, उत्तर युरोपातील आणि आपलेही. इंद्र, अग्नी, वरुण यांना त्यात स्थान आहे. पण कसे? प्रत्येकाच्या नावापुढे आकडे : किती घाव सोसेल, कवच केवढे, वेग किती. आता सांगा, कोणत्या खेळात इंद्राशी दोन हात करण्याची वेळ येणार? आणि वरुणाविषयी चार गोष्टी जाणून घ्यायच्या तर हे आकडे काय सांगणार? काही मुलांना या नावांची पहिली ओळख त्या पुस्तकाने झाली, हे श्रेय त्याला द्यायला हवे. पण खेळाच्या मेजावर त्याची पाने फारशी उघडली जाण्यासारखी नव्हती.

मग याद्या वाईटच का? मुळीच नाही. लॉग टेबल ही यादीच आहे. रेल्वेचे वेळापत्रक हीसुद्धा यादीच. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये साडेतीनशेहून अधिक प्राण्यांची यादी आहे, आणि ती सूत्रधाराला दर खेळात लागते. यादीची किंमत ती किती वेळा उघडावी लागते यावर ठरते. पहिल्या यादीतलेच निम्मे प्राणी वापरायचे राहिले असतील, तर दुसरी आणि तिसरी यादी घेऊन काय साधणार?

पस्ताव्याचे आणखी एक कारण म्हणजे आवृत्त्यांचा फेरा. २००० साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची तिसरी आवृत्ती निघाली. तिचे मूळ नियम वापरण्याची मुभा इतर प्रकाशकांनाही मिळाली आणि पुस्तकांचा पूर आला. लोकांनी कपाटे भरली. २००३ साली सुधारलेले नियम आले. जुनी पुस्तके त्यामुळे निरुपयोगी झाली नाहीत, पण त्यांतले आकडे नव्या नियमांशी नीट जुळेनात. ज्यांनी आकड्यांची पुस्तके घेतली होती ते हळहळले. ज्यांच्याजवळ नकाशे, कथानके, कल्पना यांची पुस्तके होती, त्यांचे फारसे बिघडले नाही.

याउलट १९८१ चा ‘कॉल ऑफ कथुलू’ पाहा. भयकथांवर बेतलेला हा खेळ. त्यात ग्रंथालयात बसून माहिती शोधता येणे हेच एक मोठे कौशल्य मानले आहे! कौशल्य टक्क्यांत मोजतात आणि तितके किंवा कमी दान पडले की जमले. ही मूळ कल्पना साधी असल्याने पुढच्या आवृत्त्यांतही टिकली, आणि जुनी कथानके थोड्या फेरफाराने आजही खेळता येतात. साधा नियम दीर्घायुषी असतो. विज्ञानात तरी वेगळे काय आहे?

“पण मला वाचायलाच आवडते”

कोणी म्हणेल, “मी खेळणार नाही, मला ही पुस्तके वाचायला आणि चित्रे पाहायलाच आवडतात.” उत्तम! वाचनाचा आनंद ही पुरेशी किंमत आहे. मात्र आपण काय विकत घेतो आहोत ते स्वतःशी स्पष्ट असावे. पस्तावा बहुधा तेथेच होतो, जेथे खेळण्यासाठी म्हणून घेतलेले पुस्तक नुसते चाळले जाते, किंवा ‘संच अपुरा राहील’ या भीतीने घेतले जाते. अपुऱ्या संचाने खेळ अडत नाही. सोबती नसले की मात्र नक्की अडतो!

म्हणून माझे मत असे. घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. या पुस्तकाने मला काही करता येईल, की केवळ माझ्याजवळ काही असेल? येत्या वर्षात मी ते किती वेळा उघडीन? आणि यात जे आहे ते मला स्वतःला तयार करता येणार नाही का? परदेशातून येणारे असे एक जाड पुस्तक खाऊच्या पैशांत बसत नाही. तेव्हा आधी फुकट मिळते ते पाहा. ‘गर्प्स’ या १९८६ च्या खेळाचा बत्तीस पानी संक्षेप विनामूल्य आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियमही २०२३ पासून कोणालाही मोकळेपणे वापरण्यासाठी खुले आहेत. ते घेऊन महिनाभर खेळा, मग ठरवा.

अपेक्षित प्रश्नसंच पाठ करणाऱ्याला प्रश्न बदलला की घाम फुटतो. रीत समजलेला निश्चिंत असतो. पुस्तक खेळाचे असो वा शास्त्राचे, रीत देणारे आधी घ्यावे, यादी देणारे नंतर.

आणि एक काम. सहा पृष्ठांचे दोन फासे घ्या. ८ किंवा अधिक बेरीज येण्याचे ३६ पैकी किती प्रकार आहेत ते काढा. मग दानात १ वाढवून मिळाला तर किती होतात ते पाहा. हेच १२ च्या बाबतीत करा. दोन्हीकडे वाढ १ चीच, पण तिचा परिणाम सारखा आहे का? फासे १८० वेळा टाकून पडताळा पाहा. यासाठी एकही पुस्तक विकत घ्यावे लागणार नाही.