आठ देश आणि एक सरोवर

युरोपहून परतलेल्या आपल्या मंडळींची एक ठराविक भाषा आता रूढ झाली आहे. ‘आमचे आठ देश झाले’, ‘स्वित्झर्लंड झाले, ऑस्ट्रिया तेवढा राहिला’. पूर्वी घरातील वडीलधाऱ्यांचे चार धाम ‘होत’, तसे आता देश होतात. फरक इतकाच की चार धामांसाठी थोडेफार चालावे तरी लागे. बारा दिवसांच्या या यात्रेत एखाद्या सरोवराच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येतो. बस थांबते, छायाचित्रे निघतात, प्रसाधनगृहासाठी सुटी नाणी शोधली जातात आणि बस सुटते. या प्रवासाची आम्हांस चीड आहे, हे आरंभीच सांगून टाकतो. ज्याने त्याने आपला पैसा कसा खर्चावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आमचा आक्षेप वेगळा आहे. त्या भूमीवर सामान्य माणूस ज्या सुखासाठी उन्हाळ्याची वाट पाहतो, आणि ज्याला फारसा पैसा लागत नाही, नेमके तेच सुख या यात्रेत आपल्याला दाखवले जात नाही. आणि दाखवले तरी ते स्वस्त आहे म्हणून आपण त्याकडे पाठ फिरवतो.

ते सुख म्हणजे शनिवार-रविवार, सावकाश जाणारी आगगाडी आणि एकच सरोवर.

बडोदे, इंदूर, बेळगाव, हैदराबाद येथील आपल्या अनेक कुटुंबांतील मुले आता म्युनिकसारख्या शहरांत नोकरीनिमित्त राहतात आणि उन्हाळ्यात आईवडील त्यांच्याकडे जातात. अशांसाठी उदाहरण घेऊ ते लिंडाऊचे. कॉन्स्टन्स सरोवरातील, ज्याला जर्मन लोक बोडनझे म्हणतात, हे एक छोटे बेटावरचे गाव. म्युनिकहून प्रादेशिक गाडीने अडीच-तीन तास. या गाड्यांसाठी ‘बायर्न तिकीट’ नावाची सोय आहे. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर साऱ्या बव्हेरियात हिंडता येते. शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच, इतर दिवशी सकाळी नऊनंतर. जलद गाड्यांत मात्र ते चालत नाही. यात एक गंमत आहे. २०२०च्या डिसेंबरपासून म्युनिक-झुरिक जलद गाड्या मुख्य भूमीवरील रॉयटिन स्थानकावरच थांबतात. पाण्यातील बांधावरून थेट बेटावर जायचे, तर प्रादेशिक गाडीच हवी. स्थानकाबाहेर आले की चार पावलांवर बंदर; त्याच्या तोंडाशी एका बाजूस बव्हेरियाचा सहा मीटर उंच दगडी सिंह आणि दुसऱ्या बाजूस तेहतीस मीटर उंचीचा दीपस्तंभ. दोन्ही १८५६ साली पुरी झालेली कामे, रेल्वे बेटावर आल्यानंतरची. समोर पाचशे छत्तीस चौरस किलोमीटर पाणी. स्टुटगार्टसह सुमारे चाळीस लाख लोक हेच पाणी पितात.

देश मोजणाऱ्यांसाठी येथे एक अडचण आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड हे तिन्ही देश या सरोवराच्या काठी आहेत, परंतु त्याच्या वरच्या विस्तीर्ण भागात त्यांची सीमा कोठून जाते, याबद्दल त्यांच्यात आजतागायत करार झालेला नाही. सीमाप्रश्न म्हणजे काय, हे ज्यांनी दोन-तीन पिढ्या सोसले आहे त्या आपल्या बेळगावकर वाचकांस हे वाचून काय वाटेल, याची कल्पना आम्ही करू शकतो. नावेत बसलेल्याने आपले किती देश झाले म्हणून सांगावे?

मुक्कामासाठी युवा वसतिगृह आहे. नावात ‘युवा’ असले तरी तेथे वयाची अट नाही. सदस्य मात्र व्हावे लागते. अशा वसतिगृहांची कल्पना रिचर्ड शिरमान या जर्मन शाळामास्तराची. १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीस निघाला असता त्याला ती सुचली आणि १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे वसतिगृह उघडले. पोहण्यासाठी शहराच्या पश्चिमेस लिंडेनहोफ उद्यानाचा काठ आहे. एका श्रीमंत व्यापाऱ्याने आपल्या हवेलीभोवती वसवलेली ही बाग आज सर्वांना खुली आहे. राहता राहिले जेवण. बव्हेरियातील बिअरबागांत पेय तेथलेच घ्यावे आणि खाणे हवे तर घरून आणावे, अशी जुनी रीत आहे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उघडून बसलेल्या आजीबाईंकडे तेथे कोणी वळून पाहणार नाही. वळून पाहतात ती आपलीच माणसे.

येथेच आमच्या तक्रारीचे मूळ आहे. वळकटी आणि फिरकीचा तांब्या घेऊन तिसऱ्या वर्गाने अवघा देश पालथा घालणाऱ्यांची आपण नातवंडे. युरोपात तिसरा वर्ग १९५६ साली बंद झाला, आपल्याकडे १९७४ मध्ये. आपल्या मनातून मात्र तो गेलेला नाही. तो आता एक भीती होऊन राहिला आहे. मुलगा म्हणतो, ‘बाबा, साध्या गाडीने जाऊ’, आणि बाबांना वाटते, याचे तिकडे बरे चाललेले दिसत नाही. मग मुलगाही संकोचून मोटार भाड्याने घेतो, उपाहारगृहात चार माणसांचे बिल भरतो, आणि दोघेही एकमेकांच्या समाधानासाठी थकून घरी येतात.

ही लाज केवळ आपली आहे असेही नाही. २०२२च्या जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांत जर्मन सरकारने महिन्याला नऊ युरोंत सर्व प्रादेशिक गाड्या खुल्या केल्या. सुमारे पाच कोटी वीस लाख तिकिटे खपली. उत्तर समुद्रातील झिल्ट या धनिकांच्या बेटावर आता सामान्यांची झुंबड उडणार म्हणून कित्येकांनी नाके मुरडली. तेव्हाचे अर्थमंत्री क्रिस्टियान लिंडनर यांना तर या मागणीत फुकटेपणाची वृत्ती दिसली. आमच्या मते हे म्हणणे उफराटे आहे. ज्याच्या मालकीचे घर तळ्याकाठी आहे, त्याला रोज मिळणारे सुख हक्काचे. आणि ज्याला ते वर्षातून दोन दिवस मिळावे, त्याने मात्र ओशाळून राहावे, हा न्याय कोणता? पुढे २०२३च्या मे महिन्यात ४९ युरोंचे देशव्यापी मासिक तिकीट आले. २०२५च्या आरंभी ते ५८ झाले आणि २०२६च्या आरंभी ६३. आपली मुले तेथे कर भरतात. या चढत्या आकड्यांविरुद्ध तेथे जे बोलतात, त्यांच्या बाजूने त्यांनीही बोलावे असे आम्हांस वाटते.

बव्हेरियाच्या १९४६च्या राज्यघटनेतील १४१ वे कलम आम्हांस या संदर्भात फार मोलाचे वाटते. डोंगर, सरोवरे आणि नद्यांपर्यंत सर्वांना जाता येईल अशी वाट खुली ठेवणे, हे राज्याचे आणि ग्रामसंस्थांचे कर्तव्य आहे, असे ते सांगते. कलम लिहिले म्हणून कुंपणे गळून पडली नाहीत, हेही खरे. म्युनिकपासून अर्ध्या तासावर श्टार्नबेर्ग सरोवर आहे. तेथे १८५४ मध्ये रेल्वे गेली आणि तिच्या मागोमाग काठावर धनिकांच्या हवेल्या उठल्या. आजही मैलोगणती काठ फाटकांआड आहे. पोसेनहोफेन स्थानकावर उतरले की हे चित्र एकाच दृष्टिक्षेपात दिसते. सम्राज्ञी एलिझाबेथचे बालपण जेथे गेले तो वाडा आता खाजगी सदनिकांचा. आणि जवळच मोठे हिरवे कुरण, पाण्यापर्यंत उतरलेले, सर्वांना मोकळे. त्याचे नावच ‘पॅराडीझ’, म्हणजे स्वर्ग. शहराच्या लोकल गाडीने तेथे पोचता येते.

आक्षेप येतील. जर्मन गाड्या वेळेवर धावतात, ही आपल्याकडील समजूत आता सोडावी हे बरे; २०२४ साली लांब पल्ल्याच्या शंभरातील जेमतेम बासष्ट गाड्या वेळेवर पोचल्या, आणि त्यांत सहा मिनिटांच्या आतील विलंब धरलेलाच नाही. प्रादेशिक गाड्यांची स्थिती याहून पुष्कळ बरी. पण उन्हाळ्यातील शनिवारी सकाळी सायकली, कुत्री आणि लहान मुले यांनी डबे भरलेले असतात आणि जागा राखून ठेवता येत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी पहाटेची गाडी धरावी आणि जेथून गाडी सुटते तेथूनच बसावे. एवढी युक्ती आपल्या मंडळींना कोणी शिकवायला नको.

आणखी एक. महिनाभर राहणार असाल तर मुलाला मासिक तिकीटच काढायला सांगावे. मात्र ते आपोआप पुढे चालू राहते. दहा तारखेच्या आत रद्द करण्याची त्याला आठवण करावी, नाहीतर तुम्ही घरी परतल्यावर पुढच्या महिन्याचे त्रेसष्ट युरो त्याच्या खात्यातून जातील.